ग्यूल्स: ढालीवरचा लाल रंग आपल्या 'गुल'मधून आला का?

मोरपिसारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही यॉर्कशायरमध्ये राहतो. लेक दहा वर्षांचा. शाळेने सुट्टीचा उद्योग दिलाय, की आपल्या घराण्याची ढाल काढून आणा. इथल्या सरदार-उमरावांची असायची तशी: मधे चिन्ह, ठरावीक रंग, खाली ब्रीदवाक्य. सोबत रंगांच्या नावांचा एक कागद. सोनेरी म्हणजे ऑर, रुपेरी आर्जेंट, निळा अझूर, काळा सेबल, हिरवा व्हर्ट, जांभळा पर्प्यूर आणि लाल म्हणजे ग्यूल्स. लेकाने विचारलं, "आई, लालला सरळ रेड का नाही म्हणत?" मी म्हटलं, बघते.

बघायला गेले तर एके ठिकाणी वाचलं, की ग्यूल्स हा शब्द फारसी 'गुल'वरून आला. क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धांच्या, लढायांना गेलेले सरदार येताना घेऊन आले म्हणे. हातातला चहाचा कप खाली ठेवला मी. आपला गुल? गुलाब, गुलकंद, गुलदस्ता, गुलमोहर यांतला? इतकी वर्षं इथल्या चर्चच्या भिंतींवर ज्या लाल ढाली बघतेय, त्यांचं नाव माझ्या आईच्या देव्हाऱ्यातल्या गुलालाच्या डबीला लागून असलेलं?

खरं आहे का हे? माहीतगारांनी सांगा. 'नाही' असेल तर जरा हळू सांगा, कारण मी लेकाला सांगून बसलेय आणि तो वर्गात सांगून आलाय.

खवचट आजोबा

आता कुणीतरी येऊन सांगेल की 'हेराल्ड' (हे ढालींचे तिकडचे जाणकार) म्हणजे आपला हेर आणि पुढचं 'आल्ड' म्हणजे आला. हेर आला! दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

उगाच आपलं

गुलकंद आवडतो. वाचतोय.

काथ्याकूट

ताई, हळू सांगतो: नाही.

आजोबा, तुमचा हेर मजेशीर आहे, पण हेराल्डच्या मुळाशी जुना जर्मानिक शब्द आहे, 'सैन्याचा धनी' अशा अर्थाचा. असो.

ग्यूल्सकडे. जुन्या फ्रेंचमध्ये 'गूल' असा शब्द होता, अनेकवचनी. अर्थ: गळे. लॅटिन 'गुला' म्हणजे घसा, त्यातून आलेला. तुम्ही म्हणाल गळ्याचा आणि लाल रंगाचा काय संबंध? तर इथे गळा म्हणजे अंगाचा अवयव नाही. शिंपी "गळा मोठा ठेवू का?" विचारतो तो गळा. अंगरख्याच्या गळ्याला लावायची फरची पट्टी. ही पट्टी लाल रंगवायची पद्धत होती, म्हणून गळे म्हणजे लाल पट्ट्या आणि पुढे नुसताच लाल.

ही नुसती कल्पना नाही. संत बर्नार्ड, क्लेर्वोच्या मठाचे प्रमुख, यांचं ११२७ च्या सुमाराचं एक पत्र आहे, सांसच्या आर्चबिशपांना लिहिलेलं. धर्मगुरूंच्या नटण्यामुरडण्यावर बर्नार्डबुवा जाम चिडलेले. त्यात ते लिहितात की उंदरांची लाल रंगवलेली कातडी, 'ज्यांना गुला म्हणतात', ती या लोकांनी आपल्या पवित्र हातांना गुंडाळू नयेत. (उंदीर म्हणजे माळ्यावरचा नव्हे. अर्मिनसारखं केसाळ बारकं जनावर समजायचं.) आता काळ बघा. ढालींवरची वंशपरंपरेची चिन्हं रुजली बाराव्या शतकाच्या मध्यानंतर. म्हणजे ढालीवर हा लाल येण्याआधी तो पाद्र्यांच्या मनगटावर होता.

तांबडा रस्सा

मेलेल्या उंदराचं कातडं!! आणि ताई गुलाबाचं फूल घेऊन आल्या होत्या.

मोरपिसारा

@काथ्याकूट, हे तुमचं 'हळू' आहे?

काथ्याकूट

सॉरी. पण थोडं पूर्ण करू द्या, कारण एकट्या पत्रावर मी विश्वास ठेवायला सांगणार नाही. बाकीचे शब्द बघा. काळ्याला सेबल म्हणतात. सेबल हे रशियाकडचं काळपट फरचं जनावर, मूळ शब्द स्लाव्ह भाषांतला, 'सोबोल'. ढालीवर अर्मिन नावाचा पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला नमुना असतो, तोही फर. 'व्हेअर' नावाचा निळा-पांढरा नमुना असतो, तो खारीच्या पाठीच्या आणि पोटाच्या कातड्यांचा. हे सगळे थंडीत राहणारे लोक. रंगाला नाव द्यायचं तर अंगावरच्या उबदार वस्तूवरून देणार. त्या रांगेत लाल फर चपखल बसतं, इराणी गुलाब बसत नाही.

जेरार्ड ब्रॉल्ट नावाच्या अभ्यासकाने १९७२ साली बाराव्या-तेराव्या शतकातली ढालींची वर्णनं पिंजून मोठं पुस्तक लिहिलं. त्यानेही गुलवाली व्युत्पत्ती निराधार म्हणून बाजूला ठेवली.

रेवा लियोंकर

फ्रान्समधून लिहितेय, म्हणून राहवत नाही.

काथ्याकूट यांचा 'गूल' हा शब्द इथे अजून जिवंत आहे, पण ढालीवर कमी आणि तोंडात जास्त. एकवचनात त्याचा अर्थ जनावराचं तोंड. कुत्र्याचं, लांडग्याचं, सिंहाचं. माणसाला लावला की थेट 'थोबाड'. "थोबाड बंद कर" म्हणायला दोन शब्द पुरतात आणि ते दोन शब्द मी ऑफिसात शिकले, भाषेच्या वर्गात नाही. रात्री जास्त झालेल्या माणसाचं सकाळी जे होतं त्याला इथे 'लाकडाचं थोबाड' म्हणतात.

त्यामुळे इथली साधी माणसं काथ्याकूट यांच्या फरपेक्षा वेगळं सांगतात: सिंहाने आ वासला की आतलं लालभडक दिसतं, तेच ढालीवर आलं. ऐकायला बरं वाटतं. ढालीवरच्या सिंहांच्या जिभा आणि नखं बहुधा लाल दाखवतात हेही खरं. तरी मला बर्नार्डबुवांचं पत्र वजनदार वाटतं.

आणि गंमत म्हणजे उच्चार. ओठांचा चंबू करून म्हटलं तर जवळजवळ 'गल'. आपला संस्कृत गल! गळा! धातुपाठ सर आहेत का इथे?

तांबडा रस्सा

म्हणजे ग्यूल्स = थोबाड + लाल. आमच्या मास्तरांना ही विद्या येत होती. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

सफरनामा

मी चौदा वर्षं कुवेतला काढली, तेवढ्या भांडवलावर दोन पैसे.

क्रुसेडवाले गेले कुठे? जेरुसलेम, एकर, त्रिपोली. तिथली बोली अरबी. अरबीत गुलाबाला 'वर्द' म्हणतात. कुवेतमध्ये फुलवाल्याकडे पाटी वाचून वाचून पाठ झालंय. लिखित अरबीत आपल्या 'ग'चं अक्षरसुद्धा नाही. गुल म्हणणारे लोक पूर्वेला इराणात. बाजारात वर्द ऐकून यांनी गुल कसं काय नेलं? नेलं असतं तर लाल ढालीला आज 'वर्ड' म्हणत असते.

खवचट आजोबा

सफरनामा, प्रतिसाद मुद्देसूद आहे. इथे असं चालत नाही.

धातुपाठ

रेवाताईंनी हाक मारली म्हणून आलो.

'गुला' आणि 'गल' यांचं सारखेपण मोहात पाडणारं आहे, तरी सावध राहावं. आपल्या कंठ्य 'ग'समोर लॅटिनमध्ये पुष्कळदा 'व' येतो, जर मूळ ध्वनी ओठ गोल करून काढलेला ग असेल तर. गम् धातू, आणि लॅटिनात 'वेनिरे', येणे. जीव, आणि लॅटिनात 'विवुस', जिवंत (इथे आपला ग पुढे ज झाला). आता 'गिरति', 'गिलति' म्हणजे गिळतो. त्याचा लॅटिनमधला नियमाने येणारा भाऊ आहे 'वोरारे', गिळंकृत करणे. इंग्रजीत शाकाहारी-मांसाहारी प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या शेवटी जे 'व्होर' येतं, ते हेच. म्हणजे आपल्या गिळण्याचा सख्खा भाऊ तिकडे व-ने सुरू होतो. 'गुला' ग-नेच सुरू होतो, म्हणून त्याला या घरात घेताना दार अडतं. चेहरा मिळतो, एवढ्यावर सोयरीक जुळत नाही.

सफरनामा यांच्या 'वर्द'बद्दल मात्र एक गोड गोष्ट सांगतो. अरबी वर्द हा मुळात इराणी भाषांतूनच तिकडे गेलेला. जुन्या इराणीत गुलाबाचं नाव 'वर्द' असंच काहीसं होतं, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'वरद' सापडतं. पुढे फारसीत ध्वनी बदलत बदलत त्याच शब्दाचा 'गुल' झाला. ग्रीक 'र्‍होदोन' त्याच गोतातला, आणि लॅटिन 'रोझा'सुद्धा बहुधा तिथलाच. सांगायचं म्हणजे गुल आणि रोझ हे चुलतभाऊ, वर्द त्यांच्या घरातला, आणि ग्यूल्स मात्र लांब उभा असलेला तिऱ्हाईत.

उगाच आपलं

अवांतर: गुलाब = गुल + आब, म्हणजे फुलाचं पाणी. इराणात अजून गुलाब म्हणजे अत्तरवाल्याकडचं पाणीच. आपण फुलालाच गुलाब म्हटलं, मग पाण्याला काय म्हणायचं? गुलाबपाणी. फूल-पाणी-पाणी.

तांबडा रस्सा

आणि दिवा गुल होतो तो?

उगाच आपलं

तो वातीचा जळका शेंडा. तोही गुलच. लाइट गेल्यावर सांगतो सविस्तर.

व्यवस्थापक

कृपया विषयाला धरून.

मोरपिसारा

गुल गेला, दिवा गेला. सात रंगांत एक तरी आपल्या बाजूचा निघेल का हो? लेकाला काहीतरी तोंडात द्यायला हवं.

धातुपाठ

निघेल. अझूर.

हा खराखुरा फारसी आहे, यात वाद नाही. फारसी 'लाजवर्द', म्हणजे निळ्या रंगाचा मौल्यवान दगड. अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरात त्याच्या हजारो वर्षं जुन्या खाणी आहेत. लाजवर्द अरबीत गेला, तिथून युरोपात. तिथे लोकांना वाटलं की सुरुवातीचा 'ल' म्हणजे शब्दाआधी लावायचा त्यांचा 'ले' किंवा 'ला', आणि त्यांनी तो तोडून टाकला. उरलं 'अझूर'. ल गमावलेला लाजवर्द! इंग्रजीत दगडाच्या नावात तो ल अजून शाबूत आहे: लॅपिस लाझुली.

आणि आपल्याकडे? आयुर्वेदाच्या रसशास्त्रात हाच दगड 'राजावर्त' नावाने येतो, भस्म करण्याच्या कृतीसकट. तुमच्या लेकाला सांगा, की लालचं जमलं नाही, पण निळा पूर्वेहून आलाय, पक्का.

मोरपिसारा

सर, साष्टांग नमस्कार. लेक म्हणतो, "देन वी आर ब्लू."

रेवा लियोंकर

हिरव्याचीही गंमत ऐका मग. इंग्रज हिरव्याला व्हर्ट म्हणतात, पण फ्रेंच ढालशास्त्रात हिरव्याला 'सिनोप्ल' म्हणतात. काळ्या समुद्राच्या काठी तुर्कस्तानात सिनोप गाव आहे, तिथल्या मातीवरून नाव. माती कसली? लाल! गेरूसारखी. इटलीत भिंतीवर चित्र रंगवण्याआधी ज्या लाल मातीने रेखाटन करायचे, त्याला अजून 'सिनोपिया' म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये सिनोप्ल म्हणजे लालच होता. मग मध्ययुग संपता संपता तोच शब्द हिरव्याला चिकटला. लाल मातीचा हिरवा रंग. आता करा व्युत्पत्ती!

खवचट आजोबा

सरकारी कचेरीत फाईल अशीच रंग बदलते.

नाणेघाट

नाणी गोळा करतो, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा: रंग नसेल तिथे लाल ओळखायचा कसा? तांब्याच्या नाण्यावर, शिक्क्यावर, छापील पुस्तकात, संगमरवरावर?

त्याला रेघांची लिपी आहे. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइट पाद्र्याने १६३८ साली रोममध्ये काढलेल्या पुस्तकामुळे ती रूढ झाली. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. ठिपके म्हणजे सोनेरी. काहीच नाही म्हणजे रुपेरी. उभ्या-आडव्या जाळीला काळा समजायचं. तिरप्या रेघा एका अंगाने हिरव्या, उलट अंगाने जांभळ्या. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये गेलात तर भिंतीवरच्या स्मारकांवर ढाली आहेत, जवळ जाऊन बघा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर भिंतीला नाक लावून उभा होतो. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला.

एक सावधगिरी: ढालीचं वर्णन वाचताना उजवं-डावं उलटं धरायचं. ढाल हातात घेऊन मागे उभा असलेल्या माणसाचं उजवं ते उजवं. बघणाऱ्याला ते डावीकडे दिसतं. उजव्याला 'डेक्स्टर', डाव्याला 'सिनिस्टर'.

पणजीकर

पोर्तुगिजांच्या ढालशास्त्रात ग्यूल्सचा 'गोलिश' होतो. त्यांच्या राज्याच्या ढालीला भोवती लाल किनार, त्यात सात सोनेरी किल्ले. जुन्या गोव्यात फिरलात तर ही ढाल दगडात सापडेल. गोव्याच्या स्वतःच्या चिन्हात मात्र संत कॅथरिनचं चाक होतं, कारण अफोंसो द आल्बुकेर्कने शहर जिंकलं तो दिवस तिच्या सणाचा: २५ नोव्हेंबर १५१०.

आमच्या वाड्यावरच्या जुन्या घरात दारावर अशी ढाल होती. आजी तिला 'फिरंग्याचो तवो' म्हणायची.

घोरपड

सगळं वाचलं. पण धागाकर्तीच्या ढालीवर चिन्ह काय असणार, हे कुणी विचारलंच नाही. आयडीवरून अंदाज आहे.

मोरपिसारा

आडनाव मोरे. लेकाला लाल ढालीवर निळा मोर हवाय.

घोरपड

वा! याला तिकडे मान आहे. आडनावावर कोटी करणारी ढाल. स्पेनमध्ये कास्तिया राज्याच्या ढालीवर किल्ला, लेओनच्या ढालीवर सिंह. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईचं माहेर बोज-लायन, ढालीवर धनुष्यं आणि सिंह. आमचं घोरपडे तर तयारच आहे, दोर लावून गडावर चढवलेली घोरपड. वाघमारेंना दोन चिन्हं लागतील, वाघ आणि मारणारा.

पिसारा फुलवलेल्या मोराला तिथल्या भाषेत खास शब्दप्रयोग आहे, 'ऐटीत असलेला मोर' अशा अर्थाचा. तो नक्की लिहा.

काथ्याकूट

थांबा, थांबा. लालवर निळा चालणार नाही! ढालशास्त्राचा मुख्य नियम: धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. धातू म्हणजे सोनेरी आणि रुपेरी, व्यवहारात पिवळा आणि पांढरा. बाकी सगळे रंग. लालवर सोनं चालेल, चांदी चालेल, निळा नाही. कारण साधं आहे: रणात धुळीतून दुरून ओळखू यायला हवं, आणि लालवर निळा मिसळून जातो. इंग्लंडचा झेंडाच बघा, आर्जेंटवर ग्यूल्सचा क्रॉस.

तांबडा रस्सा

तांबड्यावर पांढरा चालतो ना? कोल्हापुरात रोज दुपारी एक वाजता हा नियम पाळला जातो.

नाणेघाट

@काथ्याकूट, अपवाद विसरलात. जेरुसलेमच्या राज्याची ढाल रुपेरी आणि तिच्यावर सोनेरी क्रॉस. धातूवर धातू, तेही जगजाहीर. आणि नैसर्गिक रंगात दाखवलेल्या चिन्हाला सूट असते. 'मोर, त्याच्या मूळ रंगात' असं लिहिलं की मास्तर काही बोलू शकत नाहीत.

मोरपिसारा

लेकाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, सूट घेणं म्हणजे चीटिंग. मोर सोनेरी करतो.

खवचट आजोबा

पोरगं आईपेक्षा शहाणं आहे.

आता मी खवचटपणा सोडून एक सांगतो. आपण इतका वेळ ढाल ढाल करतोय, पण आपल्या मराठीत ढाल म्हणजे काय? एक तर हातातली. आणि दुसरा अर्थ: सैन्याचं मोठं निशाण. फौज कुठल्या वाटेने चालायची, मुक्काम कुठे टाकायचा, ते ढालेवरून कळायचं. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ आहेत. ही ढाल ज्या हत्तीवर असायची तो ढालगज. सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत उंच, झुलत चाललेला. म्हणून आमची आजी पुढे पुढे करणाऱ्या पोरीला 'ढालगज' म्हणायची; माझ्या बहिणीला ती शिवी आहे हे फार उशिरा कळलं. ढालकाठी म्हणजे निशाणाची काठी. पेशव्यांच्या जरीपटक्यासारख्या निशाणांची ही दुनिया.

तिकडे ढालीवर निशाण काढायचे. आपण निशाणालाच ढाल म्हणून मोकळे झालो.

रेवा लियोंकर

आजोबा, हा प्रतिसाद तुम्हीच लिहिलात ना? आयडी कुणी चोरला नाही ना?

काथ्याकूट

आजोबांना अनुमोदन. म्हणूनच १८७७ ची गोष्ट मला विचित्र वाटते. १ जानेवारीला दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवला, व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायला. संस्थानिकांना एकेक निशाण भेट दिलं, त्यावर खास तयार केलेली इंग्रजी धर्तीची ढाल. ती काढायचं काम रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याकडे होतं. त्या ढालींचं त्याचं पुस्तक पुढे १९०२ मध्ये कलकत्त्याला निघालं. ज्या घराण्यांकडे स्वतःची निशाणं पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांना एका सायबाने कोऱ्या कागदावर बसून कुलचिन्हं वाटली.

पण मोरपिसाराताई, तुमच्या कामाचं: तुम्हाला ढालीवर फारसी हवं होतं ना? बडोद्याच्या गायकवाडांच्या चिन्हाखाली आहे. 'जिन घर जिन तख्त'. जीन म्हणजे खोगीर, तख्त म्हणजे सिंहासन. खोगीर हेच घर, खोगीर हेच सिंहासन. जीन आणि तख्त दोन्ही अस्सल फारसी, आणि ब्रीद अस्सल मराठा.

सफरनामा

हे फार आवडलं. वहीत लिहून घेतलं.

उगाच आपलं

लाइट आली. मधल्या काळात मेणबत्तीवर हॅम्लेट चाळत होतो, त्यात सापडलं. हॅम्लेट नटांसमोर ट्रॉयच्या लढाईचं भाषण स्वतःच म्हणायला लागतो, त्यात काळ्या चिलखतातला पिऱ्हस नावाचा योद्धा रक्ताने माखतो. कवी त्याला लाल म्हणत नाही, 'डोक्यापासून पायापर्यंत सगळा ग्यूल्स' म्हणतो. आधी त्याचं चिलखत 'सेबल'. म्हणजे सबंध माणसाचीच ढाल केली! शाळेत शिकलो तेव्हा मास्तरांनी 'ग्यूल्स म्हणजे रेड' म्हणून पुढे नेलं होतं.

धातुपाठ

जाता जाता. नाणेघाट यांनी डेक्स्टर लिहिलं, तेव्हापासून मनात होतं.

लॅटिन 'डेक्स्टर' आणि संस्कृत 'दक्षिण' हे एकाच मुळाचे शब्द. इथे ध्वनिनियम कुठेही अडत नाहीत. दक्षिण म्हणजे आधी उजवा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दिशा दक्षिण. देव उजव्या हाताला ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा. आणि त्या दक्षिणेचं प्राकृतातून झालं दख्खन. तेव्हा इंग्लंडमधल्या प्रत्येक ढालीच्या वर्णनात, जिथे जिथे उजवी बाजू सांगितलीय, तिथे दख्खनचा भाऊबंद उभा आहे. गुलपेक्षा हा धागा मला जास्त पक्का वाटतो.

तांबडा रस्सा

दख्खनचा राजा जोतिबा! घ्या ताई, गुलालसुद्धा परत मिळाला तुम्हाला. चांगभलं.

मोरपिसारा

मंडळी, उद्योग झाला एकदाचा. सांगते.

सोनेरी मोर, पिसारा फुलवलेला, लाल ढालीवर. मोराचं तोंड डेक्स्टरकडे, म्हणजे दख्खनकडे, हे लेकानेच ठरवलं. ब्रीदवाक्य देवनागरीत हवं म्हणाला. मी संस्कृत काही शोधत बसले होते, तोवर त्याने लिहूनही टाकलं: 'हळू सांगा'. आता हे मिटवायचं कसं?

अडचण आली रंगात. मोराभोवती पाऊण ढाल रंगवली आणि लाल पेन संपला. रविवार संध्याकाळ, दुकानं बंद, सकाळी शाळा. मी रडकुंडीला आले. त्याने पट्टी घेतली आणि उरलेल्या भागात काळ्या पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या. बाईंनी विचारलं तर सांगणार आहे, सोळाशे अडतीस.

@नाणेघाट, त्याने साल पाठ केलंय. पाद्र्याचं नाव मात्र त्याला येत नाही, ते तेवढं परत एकदा सांगा.

नाणेघाट

पेत्रा सांक्ता. आणि रेघा पट्टीने मारल्या हे उत्तम. मला फोटो हवाय.

खवचट आजोबा

ब्रीदवाक्य मिटवू नका.